उजवी बाजू नापास

दशरथ मांडवकरांच्या हातून आयुष्यात चुका झाल्याच नव्हत्या असं नाही, पण त्यांच्या नजरेने चूक कधी केली नव्हती. काशीमिऱ्याच्या पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासणीच्या टेबलावर बसले. झडप हातात घेऊन उजेडाकडे धरली की केसाएवढी भेग त्यांना दिसायची. नापास मालाला लाल चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर कारण लिहायचं आणि खाली सही ठोकायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही खोड गेली नव्हती. पेणकरपाड्याच्या नाक्यावर ते भेंडी निवडायला उभे राहिले की भाजीवाला बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "साहेबांचं होऊ द्या, मग या."

आणि अशा माणसाने गेल्या शिमग्यात, सगळ्या गावासमोर, म्हशीच्या रेडकाला रानडुक्कर म्हटलं होतं.

हे प्रकरण मुळापासून सांगायला हवं. मांडवकरांचं गाव भेकरकोंड, संगमेश्वरापासून चांगलं आत. होळीनंतर तिसऱ्या दिवशी तिथे पारध निघते. आजोबांच्या काळात बंदुका होत्या, भाले होते, कुत्री होती. पुढे कायदा आला, बंदुका गेल्या, पण पारध काही कोणी सोडली नाही. आता सगळं गाव आपल्याच काजूच्या बागांमधून रांगेने चालत जातं, हातात काठीसुद्धा नसते, आणि दिसेल ते जनावर नुसतं बघतं. वनरक्षक वही घेऊन सोबत असतो. शिकारीचे वाटे पडायचे तेही पडतात, फक्त मांसाऐवजी काळ्या वाटाण्याची उसळ असते. भांडणं मात्र पूर्वीइतकीच होतात.

या सगळ्यात मानाची जागा एकच, गावामागचा टेंब. त्या उंचवट्यावर बसायचं, खालचं रान न्याहाळायचं आणि जनावर दिसलं की कुकारा द्यायचा, म्हणजे उंच आवाजात लांब हाक घालायची. उसळीचा पहिला वाटा त्या घराचा. चार पिढ्या टेंब मांडवकरांकडे होता. आजोबा बसले, वडील बसले, आणि गेली बावीस वर्षं दशरथ मांडवकर मुंबईच्या टोकाहून रजा टाकून जात होते आणि बसत होते. कारखान्यात त्यांना कोणी हार घातला नव्हता. त्यांचा जो काही मान होता तो त्या एका दगडावर होता.

गेल्या वर्षी त्यांनी कुकारा दिला, सगळं गाव श्वास रोखून थांबलं, आणि झुडपातून हंबरत रेडकू बाहेर आलं. गाव तासभर हसत होतं. सर्वांत जास्त हसला तो त्यांचा चुलतभाऊ काशीनाथ, कारण टेंबावर त्याचा डोळा फार जुना. संध्याकाळी गावच्या मानकऱ्याने, म्हणजे म्हाताऱ्या ज्ञानदेव गावकरांनी, निकाल दिला. "एक चूक माफ. पुढल्या शिमग्यास परत चुकलास तर टेंब काशीनाथाच्या घराकडे. तू चष्मा लाव, भिंग लाव, डोळ्याला काय लावायचं ते लाव, पण डुक्कर आणि रेडकू येगळं वळख."

म्हणून जानेवारीच्या शेवटी मांडवकरांनी दुर्बीण घ्यायचं ठरवलं.

"आधी डोळे दाखवून या," उर्मिला म्हणाली. चौतीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याला एकच गोष्ट दोनदा साध्या आवाजात सांगे. तिसऱ्यांदा मात्र तीच गोष्ट वेगळ्या आवाजात सांगे.

"डोळ्यांना काय धाड भरलीय? ऊन तोंडावर होतं त्या दिवशी."

"ऊन दर वर्षी तोंडावरच असतं."

मांडवकर चपला घालून निघाले.

भाईंदर पश्चिमेला मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चंदनचं दुकान होतं. कॅमेरे, तिपाया, घड्याळं आणि मागच्या कपाटात दुर्बिणी. चंदन गुजराती, तिशीतला, बोलायला गोड, आणि मराठी-हिंदीची अशी भेळ करायचा की समोरच्याला आपली भाषा बोलल्यासारखंच वाटावं.

"काका, दुर्बीण कशासाठी? क्रिकेट? पक्षी?"

"शिकारीसाठी," मांडवकर म्हणाले, आणि चंदनचा चेहरा बघून घाईने पुढे म्हणाले, "मारायचं काही नाही. नुसतं बघायचं."

चंदनने काउंटरवर तीन ढीग केले. पहिल्या ढिगात दोन-तीन हजारांची खेळणी, ज्यांच्या खोक्यावर वाघाचा फोटो होता. तिसऱ्या ढिगात एकच दुर्बीण, किंमत एका जुन्या स्कूटरएवढी. मांडवकरांनी ते दोन्ही ढीग बाजूला सारले. स्वस्त माल म्हणजे रोजची लाल चिठ्ठी आणि महाग माल म्हणजे नावाचे पैसे, हे त्यांचं एकतीस वर्षांचं मत होतं. दहा-बारा हजारांचा मधला ढीग त्यांनी पुढे ओढला.

"आठ बाय बेचाळीस घ्या," चंदन म्हणाला. "आठपट मोठं दिसेल, आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. सकाळ-संध्याकाळ उजेड कमी असला तरी चालतं. हाताला हलकी."

"ही बारावाली?"

"बारा बाय पन्नास. पण काका, बारापट जनावर मोठं दिसतं तसा हातपण बारापट हलतो."

"माझा हात हलत नाही," मांडवकर म्हणाले. सव्वा इंचाच्या झडपेवर सुईने रेघ मारणारा हात तो. त्यांनी बारा बाय पन्नास डोळ्यांना लावली, रस्त्यापलीकडच्या दवाखान्याची पाटी वाचली, खाली बारीक अक्षरात लिहिलेली वेळही वाचली आणि खूश झाले. चंदन म्हणाला, आठ दिवस वापरून बघा, नाही पटली तर बदलून देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इमारतीच्या गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीजवळून पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. मांडवकरांनी खोक्यातलं माहितीपत्रक उघडलं. आपल्याकडे माहितीपत्रक वाचणारा माणूस लाखात एक. मांडवकर ते अधोरेखित करून वाचायचे. त्यात लिहिलं होतं, आधी उजवा डोळा मिटा आणि मधल्या चाकाने डाव्यासाठी चित्र स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्यासाठी स्पष्ट करा.

डावी बाजू झकास. डोंगरावरचं सुकलेलं झाड, झाडावरची घार, सगळं चोख. मग त्यांनी डावा डोळा मिटला. उजव्या नळीत दुधात पाणी घातल्यासारखं काहीतरी होतं. कडी या टोकाला फिरवली, त्या टोकाला फिरवली. धुकं हलेना. काच पुसली, पुन्हा पुसली. बरं, हातही हलत होता, पण त्याकडे त्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी चंदनच्या काउंटरवर दुर्बीण परत आली. तिच्या पट्ट्याला लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. 'उजवी बाजू धूसर. समायोजनाने दोष जात नाही. नापास. द. रा. मांडवकर.'

चंदनने चिठ्ठी दोनदा वाचली. असा ग्राहक त्याला भेटला नव्हता. त्याने मुकाट्याने दहा बाय बेचाळीस दिली, दुसऱ्या कंपनीची. चार दिवसांनी तीही परत आली. चिठ्ठी तीच, फक्त शेवटी एक वाक्य जास्त होतं: 'दोष पहिल्यासारखाच.' मग चंदनने तिसऱ्या कंपनीची आठ बाय बेचाळीस दिली, आणि ती घेऊन मांडवकर पाचव्या दिवशी पुन्हा दारात उभे राहिले तेव्हा तो बिचारा स्टुलावरून उठला.

"काका, तीन कंपन्या. तीन देशांचा माल. तिन्हींची उजवी बाजू खराब?"

"आतला माल एकाच कारखान्यात बनत असणार," मांडवकर ठामपणे म्हणाले. "वर शिक्के वेगळे. आमच्या लाइनीत हे चालायचं."

चंदनने दुर्बीण हातात घेतली, स्वतःच्या डोळ्याला लावली आणि रस्त्याकडे बघितलं. मग ती खाली ठेवून मांडवकरांकडे बघितलं. धंद्यात वाढलेला माणूस. ग्राहकाला काय सांगायचं आणि काय त्याचं त्याला सापडू द्यायचं हे त्याला कळत होतं. "एक काम करा," तो म्हणाला. "रविवारी मोकळ्या जागी जा. डोंगरी, उत्तनच्या बाजूला. समुद्र आहे, डोंगर आहे. आणि काकींना पण घेऊन जा. दोन माणसांनी बघितलं की चिठ्ठी पक्की होते."

दोन तपासनिसांची सही, हे मांडवकरांना पटलं.

रविवारी सकाळच्या बसने दोघं डोंगरीला गेले. उर्मिलाने डब्यात थालीपीठं घेतली होती आणि चौतीस वर्षांत नवरा पहिल्यांदाच आपण न सांगता कुठेतरी घेऊन चाललाय याचा आनंद तिने लपवला नाही. बसथांब्यावरून चढण चढून दोघं गवताच्या उतारावर बसले. खाली वाडी, वाडीच्या पुढे पाणी, पाण्यात नांगरलेल्या होड्या.

"हां, बघ," मांडवकरांनी दुर्बीण तिच्या हातात दिली. "आधी डावा डोळा."

उर्मिलाने त्यांचं पुढचं ऐकलंच नाही. दुर्बीण डोळ्यांना लावली, चाक एकदा फिरवलं आणि तिच्या तोंडून "अगंबाई!" निघालं.

"काय?"

"त्या निळ्या होडीवर एक बाई जाळं विणतेय. तिच्या बांगड्या दिसतायत. हिरव्या."

"उजवी बाजू धूसर आहे ना?"

"कुठे धूसर? लख्ख आहे." मग तिची नजर होड्यांवरून उतारावर आली आणि तिथेच अडकली. "थांबा. त्या कुंपणाजवळ मुंगूस आहे. नाही, दोन आहेत."

"कुठे?" मांडवकरांना दुर्बिणीशिवाय कुंपणही नीट दिसत नव्हतं.

"गवत बघायचं नाही. गवत कुठे हलतंय आणि वारा कुठे नाही, ते बघायचं." तिने दुर्बीण खाली घेतली. "माहेरी सात वर्षं मी शेतातल्या माळ्यावर बसून भाताची राखण केली. चौथीपासून. डुकरं यायची. डुक्कर आलं की गवत खालून हलतं, रेडकू आलं की वरून."

रेडकाचा विषय तिने मुद्दाम काढला नव्हता, पण निघाला. मांडवकरांनी हात पुढे केला. "आण इकडे."

त्यांनी डावा डोळा मिटला. उजव्या नळीत तेच दूध. कडी फिरवली, तेच. मग त्यांनी ते केलं जे कारखान्यात शंकास्पद भागाचं करायचे आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. भाग उलटा करून तपासायचा. दोष भागात असेल तर भागाबरोबर फिरतो. त्यांनी दुर्बीण खालची बाजू वर करून उलटी धरली, म्हणजे जी नळी उजवीकडे होती ती आता डावीकडे आली, आणि एकेक डोळा मिटून बघितलं.

डाव्या डोळ्याला सगळं लख्ख. धुकं उजव्या डोळ्याजवळच राहिलं होतं. ते दुर्बिणीबरोबर फिरलं नव्हतं.

मांडवकरांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. मग नुसता डावा डोळा मिटून समुद्राकडे बघितलं. होड्या नव्हत्याच. पाणी होतं की आकाश होतं तेही कळेना. आयुष्यभर दोन्ही डोळे उघडे ठेवून चाललेला माणूस; एकटा उजवा कसा आहे हे तपासायची वेळच आली नव्हती. डाव्याने दोघांचं काम केलं होतं आणि उजव्याने हजेरी लावली होती.

"नाचता येईना अंगण वाकडं," उर्मिला हळूच म्हणाली, पण त्यांचा चेहरा बघून तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबांचं असंच झालं होतं," मांडवकर म्हणाले. "शेवटी ओटीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचे. मला माहीत होतं काहीतरी. कुठेतरी माहीत होतं. मला भीती वाटते उर्मिला."

"बाबांच्या वेळी गावात डॉक्टर नव्हता. इथे प्रत्येक नाक्यावर दोन आहेत."

दोघं परतीच्या बसमध्ये बसले. उतरायच्या आधी मांडवकर म्हणाले, "उजवा डोळा नापास."

"लाल चिठ्ठी कुठे बांधू? कानाला?" उर्मिला म्हणाली, आणि तेव्हा कुठे त्यांना हसू आलं.

नेत्रतज्ज्ञ मृणालिनीबाई मीरा रोडला बसायच्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, तासभर बसवलं, यंत्रातून बघितलं आणि सांगितलं, उजव्यात मोतीबिंदू पुरता पिकलाय, डावा सुरुवातीला आहे. घाबरायचं काही नाही, अर्ध्या तासाचं काम.

"शिमगा तीन आठवड्यांवर आलाय," मांडवकर म्हणाले. "नंतर केलं तर?"

"नंतर केलंत तरी डोळा जाणार नाही. पण तुम्ही म्हणताय तो चढ एका डोळ्याने चढू नका. पायरीचा अंदाज चुकतो. आणि आत्ता केलंत तर महिनाभर धूळ, धूर, चढण, सगळं बंद."

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. घरी येऊन मांडवकर खिडकीशी बसले. ऑपरेशन पुढे ढकलता आलं असतं. एक डोळा मिटून, दुर्बीण लावून, टेंबावर बसता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण कारखान्यात नियम होता: मोजायचं गेजच चुकीचं निघालं तर त्या गेजने काही तपासायचं नाही, मग वरिष्ठ कितीही घाई करोत. हा नियम त्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांना लावला होता. त्यांनी मृणालिनीबाईंना फोन करून पुढच्या आठवड्याची तारीख घेतली. मग जड हाताने काशीनाथला फोन लावला.

"अरे बापरे," काशीनाथ म्हणाला. आवाजात काळजी होती आणि काळजीच्या मागे खुशी दडून बसली होती. "तू डोळा नीट करून घे रे. टेंब काय पळून जात नाय. या वर्षी आमचा पोरगा गणेश बसेल."

"या वर्षी बसला की पुढच्या वर्षी उठणार नाही."

"तसं कसं म्हणतोस? पण जागा रिकामी तर ठेवता येत नाय ना. घरातलं माणूस लागतं."

"आहे माझ्या घरातलं माणूस," मांडवकर म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की असं कोणी माणूस नाही. मुलगा नव्हता. मुलगी संचिता डोंबिवलीला दिलेली. तिला झाडाखाली उभं केलं तर झाड कोणतं ते सांगता येत नसे.

उर्मिला मटार सोलत होती. "मी बसते," ती म्हणाली.

मांडवकर हसले. ती हसली नाही, तेव्हा तेही थांबले.

"अगं, टेंबावर बाईमाणूस कधी चढलेलं नाही."

"कोण म्हणतं? सरपण आणायला कोण चढतं मग? मी लग्न होऊन आले त्या वर्षी रोज चढत होते. उतरताना डोक्यावर मोळी असायची." तिने शेंग मोडली. "एका पारधीच्या दिवशी तेवढी चढायची बंदी. त्या दिवशी आम्ही खाली वाटाणे शिजवतो आणि तुम्ही वर बसून रेडकं बघता."

बावीस वर्षं ते त्या दगडावर बसले होते, आणि ही बाई माळ्यावर सात वर्षं बसली होती हे त्यांना गेल्या रविवारी कळलं होतं. विचारलंच नव्हतं कधी. याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना काहीतरी काम काढायची सवय होती. त्यांनी दुर्बीण उचलली.

"चल गच्चीवर. तपासणी होईल."

तपासणी रीतसर झाली. डोंगरावरच्या मंदिराला किती पायऱ्या, तिसऱ्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड तांदळाचे की उडदाचे, टॉवरवर बसलेला पक्षी घार की कावळा. स्वतःचा डावा डोळा लावून ते तिचं उत्तर तपासत होते. अठरा प्रश्न झाले. अठराच्या अठरा बरोबर आले. शिवाय पापड तांदळाचे नसून साबुदाण्याचे आहेत हे तिने वर सांगितलं. बारापटीची हवी का म्हणून त्यांनी विचारलं तर ती म्हणाली, हीच ठेवा, हलकी आहे आणि हिच्यात आजूबाजूचं गवतही दिसतं. चंदनने पहिल्या दिवशी सांगितलेल्याच मापाची दुर्बीण तीन आठवड्यांनी पक्की झाली. मांडवकरांनी चंदनला फोन करून सांगितलं, "माल पास. चिठ्ठ्या फाडून टाक."

"फाडू कशाला काका, मी त्या फ्रेम करतोय," चंदन म्हणाला.

गावाला पटवणं सोपं नव्हतं. काशीनाथने दोन दिवस फोनवरून आकांडतांडव केलं. असं कधी झालं नाही, देवाला चालणार नाही, लोक काय म्हणतील. मांडवकरांनी एकच धरून ठेवलं: नियमात घर म्हटलंय, आणि घर म्हणजे मी एकटा नव्हे. शेवटी प्रकरण ज्ञानदेव गावकरांकडे गेलं. म्हातारा विडा चघळत म्हणाला, "डोळ्याला काय लावायचं ते लाव म्हणून मीच सांगितलं होतं. आता तो बायको लावतोय, तर लावू दे. पण नियम तोच. चुकली तर टेंब गेला."

ऑपरेशन झालं. संचिता थेंब घालायला माहेरी राहायला आली. उर्मिला दुर्बीण गळ्यात घालून एकटी गावी गेली.

पारधीच्या सकाळी मांडवकर काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. भेकरकोंडाच्या रानात मोबाइलला रेंज फक्त टेंबावर येते. साडेआठला फोन वाजला. संचिताने स्पीकर चालू केला.

"बसलेय," उर्मिला म्हणाली. "फोन दगडावर ठेवतेय. मध्ये बोलायचं नाही."

आधी नुसता वारा ऐकू आला. मग काशीनाथचा आवाज. नियमाप्रमाणे साक्षीला एक माणूस वर बसतो. यंदा तो काशीनाथ होता, दुसरा कोण असणार. खाली लांबवर माणसांची रांग निघाल्याची गलबल. मांडवकरांना सगळं दिसत होतं: डावीकडे काजू, मधे ओहोळ, पलीकडे करवंदीची जाळी. इतकं लख्ख त्यांना गेल्या दोन वर्षांत तिथे बसूनही दिसलं नव्हतं.

वीस मिनिटं गेली. "वयनी!" काशीनाथ एकदम ओरडला. "ते बघा, ओहोळाच्या कडेला, काळं! डुक्कर! द्या कुकारा, जाईल ते!"

मांडवकर पलंगावरून अर्धे उठले. ओहोळाची कडा. तिथेच गेल्या वर्षी ते चुकले होते. आता ही घाईने ओरडेल, आणि चार पिढ्यांचा टेंब जाईल. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, थांब, आणि त्याच वेळी हेही वाटलं की खरंच डुक्कर असलं तर? त्यांनी संचिताचा हात घट्ट धरला.

"जळका खुंट आहे भावजी," उर्मिलाचा आवाज आला, शांत. "गेल्या आठवड्यात वणवा लागला होता ना तिथे."

पुन्हा वारा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. संचिता कुजबुजली, "कट झाला का फोन?" मांडवकरांनी मान हलवली. फोन चालू होता. कोणीतरी श्वास रोखून बसलेलं त्यांना ऐकू येत होतं.

"खालून हलतंय," उर्मिला पुटपुटली. "करवंदीत. वारा नाही आणि हलतंय. थांब बाई, बाहेर ये... ये..."

आणि मग कुकारा आला.

मांडवकरांनी बावीस वर्षं हा कुकारा दिला होता, पण वडिलांनंतर तो ऐकला कधी नव्हता. देणाऱ्याला तो ऐकू येत नाही; घसा ताणलेला असतो, कान भरून आलेले असतात. पलंगावर बसून तो त्यांनी इतक्या वर्षांनी ऐकला. लांब, उंच, जराही न थरथरणारा. माळ्यावर बसलेल्या एका चौथीतल्या मुलीने तो पन्नास वर्षं जपून ठेवला असावा. खालून शंभर माणसांनी त्याला उत्तर दिलं, आणि मग रीतीप्रमाणे ज्ञानदेव गावकरांचा म्हातारा आवाज वर चढत आला, "कुणाचं घर गोऽऽ?"

"मांडवकरांचं!" उर्मिला ओरडली.

मांडवकरांना रडू फुटलं. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. या बाईबरोबर आपण चौतीस वर्षं राहिलो आणि तिचा मोठा आवाज आज ऐकला, याचं वाईटही वाटत होतं आणि अभिमानाने छातीही भरून आली होती.

"बाबा, डोळ्याला हात लावायचा नाही," संचिता म्हणाली. तिचाही आवाज ओला होता.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि डोळ्यांना वाहू दिलं. मग फोनकडे वाकून ते ओरडले, "अगं, काय आहे? डुक्करच ना? किती आहेत?"

"गप्प बसा जरा," उर्मिला म्हणाली. "पिल्लंपण आहेत. मोजतेय मी."